खडकांच्या नगरीतला ‘रॉक’

हैदराबाद म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे चारमिनार उभा राहतो, सालारजंग संग्रहालय उभे राहते, आणि खोटे कशाला बोला, बिर्याणीचे ताटही उभे राहते. परंतु त्या शहरात पाऊल ठेवणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते तेथील खडक. कोणा राक्षसाच्या पोराने खेळता खेळता एकावर एक रचावेत आणि जेवणाची हाक येताच तसेच टाकून निघून जावे, तसे ते ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे ठिकठिकाणी तोल सांभाळून उभे आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांचे वय सुमारे 250 कोटी वर्षे सांगतात. शहर वाढू लागले तसे सुरुंग लावून हे खडक फोडण्यात आले. तेव्हा काही जाणत्या नागरिकांनी 1996 मध्ये ते वाचविण्यासाठी एक संस्थाच काढली. कोट्यवधी वर्षे जागचे न हललेल्या खडकांनाही संरक्षक लागावेत, हा आपल्या काळाचा महिमा होय!

आज आम्ही लिहिणार आहोत ते मात्र या खडकांविषयी नव्हे. त्यांचेच इंग्रजी नाव मिरविणाऱ्या ‘रॉक’ संगीताविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. नावाचे हे साम्य योगायोगाचे आहे. त्या संगीतातला ‘रॉक’ डोलण्याचा आहे, दगडाचा नव्हे. या विषयाने आमच्या अग्रलेखाची जागा अडवावी याचे काही वाचकांना नवल वाटेल, काहींना विषादही वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट घ्यावेत, एवढीच विनंती.

आमचा एक भाचा गेली काही वर्षे हैदराबादेस, माधापूर भागातील एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. दिवसा संगणक आणि रात्री गिटार, असा त्याचा दुहेरी संसार. त्याच्या घरच्या सत्यनारायणाच्या निमित्ताने आमचे तिकडे जाणे झाले. वास्कोहून सिकंदराबादेस 2024 च्या ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा थेट गाडी धावू लागल्याने हा प्रवास आता सोपा झाला आहे. दूधसागर मागे टाकून गाडी कॅसलरॉक स्थानकात शिरली तेव्हा, पुढे आमच्या पानात काय वाढून ठेवले आहे याची सूचना त्या स्थानकाची पाटीच देत होती. पण ते आमच्या ध्यानात आले नाही.

रॉक संगीताविषयी आमचे मत आमच्या पिढीतील बहुतेकांचे होते तेच होते. ज्यांचे कान देवळातील सनई-चौघड्यावर, रात्ररात्र चालणाऱ्या नाटकांतील पदांवर आणि भजनी सप्ताहाच्या गजरावर तयार झाले, त्यांना विजेवरच्या गिटारीचा पहिला आघात हा अत्याचारच वाटावा, यात आश्चर्य नाही. ‘गाणे कसले, हा तर गिरणीचा भोंगा’ असा शेरा आम्ही अनेकदा मारलेला आहे, आणि तो भाच्याच्याही कानांवर गेलेला आहे. म्हणूनच पूजेच्या दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या हाती एक कागद ठेवला. त्यावर सात गाण्यांची नावे होती. ‘मामा, शिव्या खुशाल द्या, पण ऐकून द्या,’ एवढेच तो म्हणाला. मागणी न्यायाची होती. साक्षीपुरावा न ऐकता निकाल देणे हा जसा न्यायाधीशाचा अपराध, तसाच तो संपादकाचाही.

ती गाणी आम्ही दोन संध्याकाळी मिळून ऐकली. सगळी आवडली असे म्हणणे ढोंगाचे होईल; परंतु एकही टाकाऊ वाटले नाही, हे सांगितलेच पाहिजे.

यादीत पहिले नाव होते चक बेरी या अमेरिकन कृष्णवर्णी गायकाच्या ‘जॉनी बी. गुड’ या 1958 सालच्या गाण्याचे. लिहिण्यावाचण्यात यथातथाच, पण गिटार हाती आली की आसपासच्या लोकांना खिळवून ठेवणारा एक खेडवळ पोर, हा त्याचा विषय. येथे भाच्याने आम्हांस एका गोष्टीची आठवण करून दिली. 1977 साली ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अवकाशात सोडण्यात आली. परग्रहावर कोणी असलाच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी म्हणून दोन्ही यानांवर ध्वनीची एकेक सोनेरी तबकडी ठेवलेली आहे. आमच्या फोंडा तालुक्यातील केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी त्या तबकडीवर आहे, हे गोमंतकीय माणूस अभिमानाने सांगतो. परंतु त्याच तबकडीवर चक बेरीचे हे गाणेही आहे, हे आपण सहसा सांगत नाही. अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीताच्या अभ्यासकाने त्यावेळी रॉक हे पोरकट असल्याचा आक्षेप घेतला होता. त्यावर या निवडीचे प्रमुख कार्ल सेगन यांनी, पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत, अशा आशयाचे उत्तर दिले होते. त्या उत्तराने आमचे निम्मे अवसान गळाले.

दुसरे गाणे बीटल्सचे, ‘द इनर लाइट’. त्याच्या साथीचे ध्वनिमुद्रण 1968 च्या जानेवारीत मुंबईस, एचएमव्हीच्या स्टुडिओत, भारतीय वादकांना घेऊन झाले. जॉर्ज हॅरिसन हा पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेला. आपल्या वाद्यांचा त्याने दागिन्यासारखा वापर केलेला नाही, तर गाण्याचा पायाच त्यांवर रचला आहे. तिसरे लेड झेपेलिनचे ‘काश्मीर’, 1975 सालचे. गंमत अशी की हे गाणे सुचले मोरोक्कोच्या वाळवंटातील रस्त्यावर, आणि ते रचणाऱ्यांनी तोवर काश्मीर पाहिलेलेही नव्हते. मात्र याच मंडळातील दोघे 1972 साली मुंबईस येऊन येथील वादकांसमवेत ध्वनिमुद्रण करून गेले होते. या गाण्यात ढोलाचा हिशेब चार मात्रांचा आणि गिटारीचा तीन मात्रांचा. दोघे आपापल्या वाटेने जातात आणि बारा मात्रांनी पुन्हा एकत्र येतात. समेची ओढ ज्याला कळते, अशा कोणाही तबल्याच्या रसिकाने हे ऐकून पाहावे. आमची मान केव्हा हलू लागली ते आम्हांसही कळले नाही. भाच्याला मात्र ते बरोबर दिसले.

चौथे पिंक फ्लॉइडचे ‘विश यू वर हिअर’, तेही 1975 चे. या मंडळाचा एक संस्थापक, सिड बॅरेट, मनाचा तोल ढळल्यामुळे 1968 मध्ये मंडळातून दुरावला. त्याच्या नसण्याची सावली या गाण्यावर आहे. ते चालू असताना आमची धाकटी बहीण, म्हणजे भाच्याची आई, स्वयंपाकघरातून बाहेर आली. इंग्रजीशी तिचा फारसा परिचय नाही. उभ्याउभ्या थोडे ऐकून तिने विचारले, ‘हा कोणाची आठवण काढतो रे?’ गाण्याची याहून नेमकी समीक्षा आम्हांस तरी करता आली नसती.

पाचवे आमच्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांचे ‘पॅक दॅट स्मॅक’, 1986 चे. रॉक म्हणजे व्यसन, असे समीकरण मांडणाऱ्यांनी हे अवश्य ऐकावे. कारण ते अमली पदार्थांच्या विरुद्ध आहे, आणि ते अशा गोव्यातून आलेले आहे की ज्याच्या किनाऱ्यावर त्या विषाने पाय रोवले होते. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करावे, कॅसेटी काढाव्यात आणि स्वतःच दुकानोदुकानी फिरून विकाव्यात, अशा कष्टांतून उभ्या राहिलेल्या या कलावंतास 2007 साली पद्मश्री मिळाली. सहावे नाव ‘अभंग रिपोस्ट’ या मुंबईच्या तरुण मंडळाचे. गिटार आणि ड्रम घेऊन ही मुले आपल्या संतांचे अभंग गातात. वारकऱ्याच्या कानास ते रुचेलच असे नाही. परंतु गाणारा अभंगाची थट्टा करतो आहे असे एका क्षणीही वाटत नाही.

सातवे गाणे तेलुगू निघाले. ‘चौरस्ता’ या हैदराबादच्याच मंडळाचे ‘ऊरेल्लिपोता मामा’. नावाचा अर्थ साधारणतः असा, की मामा, मी आपला गावाला निघून जातो. शहरात जीव न रमणाऱ्या माणसाचे ते मनोगत आहे. या मंडळातील राम मिरियाला यांचा आवाज पुढे तेलुगू चित्रपटांत घरोघरी पोहोचला. भाच्याने हे गाणे मुद्दाम शेवटी ठेवले होते, आणि त्यातील ‘मामा’ हा शब्द नुसता तेलुगू नव्हता, हे ओळखण्याइतके आम्ही भोळे नाही.

‘मग येत का नाहीस गावी?’ आम्ही विचारले.

‘येईन की. पण तिथे वाजवू कुठे?’

गोव्यात वाजवायला जागा नाही, हे वाक्य ऐकून आम्ही हसलो. ज्या गोव्याने मुंबईच्या चित्रपटसृष्टीस अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा, चिक चॉकलेट यांसारखे वादक आणि संयोजक पुरविले, त्या गोव्यात जागा नाही? पण भाचा हसला नाही. जागा पुष्कळ आहेत, तो म्हणाला. पण तिथे पर्यटकांना ठाऊक असलेली पन्नास वर्षांपूर्वीची गाणी वाजवावी लागतात. आपले स्वतःचे गाणे वाजवायचे तर ‘हे कोणाचे?’ असे विचारून मालक घड्याळाकडे पाहतो. हैदराबादेत तरी फार निराळे आहे असे नाही. पण एखादा कोपरा सापडतो.

तो कोपरा कसा असतो, हे आम्ही पाहिले. सिकंदराबादची छावणी 1806 पासूनची. तेथील गोरे सैनिक आणि रेल्वेतील अँग्लो-इंडियन कुटुंबे यांच्यामुळे पाश्चात्य वाद्यांचा सूर त्या भागास नवा नाही. उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांनी 1968 मध्ये देह ठेवला तो याच हैदराबादेत. पंडित जसराज यांनी आपल्या वडिलांच्या आणि थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ संगीत समारोह सुरू केला तोही येथेच. अशा या शहरात 2010 साली बंजारा हिल्सवर ‘लामकान’ नावाचे एक खुले अंगण सुरू झाले. दिवंगत छायाचित्रकार मोईद हसन यांचे ते घर. घरच्यांनी ते नाटक, गाणे, व्याख्यान, वादविवाद यांसाठी मोकळे केले. चहा-सामोसा माफक दरात, कार्यक्रम विनामूल्य किंवा अल्प शुल्कात. आम्ही तेथे दुपारचा चहा घेतला. शेजारच्या बाकावर कोणी उर्दू शेर घोकत होता, कोणी गिटारीच्या तारा जुळवीत होता, आणि एकाचा दुसऱ्याला उपद्रव नव्हता.

त्याच रात्री भाच्याच्या मंडळाचा कार्यक्रम शहरातील दुसऱ्या एका लहानशा जागी होता. साठ-सत्तर माणसे असतील. मुले चार: एक तेलुगू, एक बंगाली, एक हैदराबादचाच उर्दू बोलणारा, आणि एक आमचा कोकणी-मराठी. पहिला तास लोकांच्या फर्माइशीत गेला. मग त्यांनी स्वतःची गाणी काढली. खरे सांगायचे तर पहिली दोन आम्हांस आवाजापलीकडे काही देऊन गेली नाहीत, कान दुखले. तिसरे चालू असतानाच रात्रीचे दहा वाजले आणि व्यवस्थापकाने ध्वनिक्षेपक बंद केला. अर्ध्यावर तुटलेल्या गाण्याने क्षणभर सगळेच ओशाळले. तेव्हा भाच्याने विजेची गिटार खाली ठेवली, साधी लाकडी गिटार उचलली आणि खुर्ची पुढे ओढली. लोक आपण होऊन जवळ सरकले. पेले वाजेनासे झाले. उरलेले गाणे त्याने नुसत्या गळ्याने म्हटले. मांडवीच्या पाण्याविषयीचे, कोकणी गाणे. तेथील पाचदहा माणसांनाही त्याची भाषा कळत नसावी; पण कोणी उठले नाही. आम्हांस आमच्या लहानपणच्या, ध्वनिक्षेपक नसलेल्या बैठकींची आठवण झाली. त्या बैठकीत आणि या बैठकीत अंतर होते ते वाद्यांचे, ऐकण्याचे नव्हते.

व्यवस्थापकाचा यात दोष नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीच्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आहे. 2022 च्या सप्टेंबरात तेलंगण उच्च न्यायालयाने ज्युबिली हिल्सच्या रहिवाशांच्या तक्रारीवरून रात्री दहानंतर पबमधील संगीतास आळा घातला. हणजूण-वागातोरच्या रहिवाशांची तक्रार तरी याहून निराळी काय आहे? झोपेचा हक्क हा गाण्याच्या हक्काहून लहान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2022 मध्ये करमणुकीच्या जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचविली आहे. ती श्रोत्यांच्या आणि वादकांच्याही कानांसाठी आहे. आणि नियम धाब्यावर बसविल्याची किंमत काय असते, हे 2025 च्या डिसेंबरात हडफड्याच्या नाइट क्लबमधील आगीने 25 जीव घेऊन आपणांस दाखविले आहे. तेव्हा नियम सैल करा, असे आम्ही म्हणणार नाही.

आमचे म्हणणे निराळे आहे. नियम लावताना नव्या संगीतासाठी दुसरे दार उघडे ठेवावे लागते. मुंबईच्या धोबीतलावावरील रंगभवनात 1980 साली ‘द पोलिस’ हे विख्यात मंडळ वाजवून गेले. 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा तरुणांचा मेळा तेथे रुजला. उदय बेनेगल, महेश तिनईकर अशी किनारपट्टीशी नाते सांगणाऱ्या आडनावांची मुले त्या पिढीत पुढे आली. शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवन मुके झाले. नियम योग्य असेल. पण त्या बदल्यात तितकीच स्वस्त आणि तितकीच मोकळी जागा मुंबईने आपल्या मुलांना दिली काय? आज परदेशी गायक येतात. 2 फेब्रुवारी 2025 रोजी एड शीरन हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत गाऊन गेला. अशा जलशांची तिकिटे हजारोंच्या घरात असतात. त्यांनी शहराची शोभा वाढते; शहरातील गाणे वाढतेच असे नाही. गाणे वाढते ते साठ-सत्तर माणसांच्या खोलीत, जेथे चुकण्याची मुभा असते.

कोणी म्हणेल, हे संगीत आपले नव्हे. त्यासाठी आपण का झिजावे? त्यांना आम्ही पेटीची आठवण देतो. हार्मोनियम युरोपातून आली. ती भारतीय गायनास अपायकारक आहे म्हणून 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज पेटीवाचून आमच्या एका तरी देवळातील भजन उभे राहते काय? परके वाद्य आपले होते ते कोणा सरकारच्या आज्ञेने नव्हे, तर त्यावर आपली माणसे आपले गाणे वाजवू लागतात तेव्हा.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. कला अकादमी आणि मडगाव, साखळी, कुडचडे येथील रवींद्र भवने ही लोकांच्या पैशांनी उभी आहेत. महिन्यातून एक संध्याकाळ, साडेसहा ते साडेनऊ, तेथील एखादे लहान सभागृह अशा तरुणांना नाममात्र भाड्याने द्यावे. अट दोनच गोष्टींची असावी: निम्मी गाणी स्वतःची असावीत, मग ती कोकणी असोत, मराठी असोत वा इंग्रजी, आणि आवाज मोजणारे यंत्र दाराशी असावे. तिकीट चहा-भज्यांच्या खर्चाहून जास्त नसावे. यास नवे खाते नको, समिती नको, उद्‌घाटनास मंत्रीही नको. आणि पहिल्या रांगेत आमच्या वयाच्या मंडळींनी जाऊन बसावे. आमच्या वास्कोत श्री दामोदराचा भजनी सप्ताह शतकाहून अधिक काळ चालला आहे तो केवळ गाणाऱ्यांमुळे नव्हे. रात्रभर जागून ऐकणारे आहेत म्हणून चालला आहे. ऐकण्याची ती सवय आपण आपल्या मुलांच्या गाण्यालाही थोडी उसनी द्यावी.

निघताना आम्ही भाच्याच्या हाती आमचा कागद ठेवला. त्यावरही सातच नावे होती: केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर, मास्टर दीनानाथ, पंडित जितेंद्र अभिषेकी आणि आणखी तीन. ‘शिव्या दे, पण ऐकून दे,’ आम्ही म्हणालो.

पंधरा दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. ‘मामा, केसरबाईंची ती तान गिटारीवर बसत नाही. पण सोडलेली नाही.’

ती दोन्ही याने आता सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे गेली आहेत, पहिले 2012 मध्ये आणि दुसरे 2018 मध्ये. केरीच्या केसरबाई आणि तो गिटारवाला तेथे एकाच तबकडीवर नांदत आहेत. गोव्यात त्यांच्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ काढणे आम्हांस अवघड वाटू नये.